कुंपणावाचून मृगवन

१

राष्ट्रकूट राजांच्या बिरुदावलीत ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ असे एक बिरुद येते, आणि त्यातील लट्टलूर म्हणजे आजचे लातूर होय, असे बहुसंख्य इतिहासकार मानतात; त्याच वंशातील तिसऱ्या कृष्णाचा, म्हणजे इ. स. ९३९ ते ९६७ या काळात राज्य करणाऱ्या त्या पराक्रमी सम्राटाचा, कंधारशी असलेला संबंध तेथील शिलालेखाने आणि मन्याडकाठच्या किल्ल्याच्या परंपरेने जपून ठेवला आहे. आज नांदेड आणि लातूर अशा दोन जिल्ह्यांत वाटला गेलेला हा मुलूख एके काळी दक्षिणापथाच्या सार्वभौम सत्तेच्या अभिमानाचे स्थान होता, ही गोष्ट येथील माळांवरून हिंडताना सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. या सम्राटाच्या कारकिर्दीतील एक विलक्षण लेख मात्र ना लातूरला आहे, ना कंधारला. तो कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यात आतकूर या गावी सापडला आणि सांप्रत बंगळूरच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात ठेवलेला आहे.

इ. स. ९४९-५० मधील या लेखाचा प्रारंभ तक्कोलमच्या घनघोर युद्धाने होतो. त्या युद्धात चोळ राजपुत्र राजादित्य धारातीर्थी पडला आणि कृष्णाचा मेहुणा, गंग राजा बूतुग, विजयी झाला. बूतुगाच्या पदरी असलेल्या मणलेर नावाच्या शूर सेवकाने त्या प्रसंगी पराक्रमाची शर्थ केली, तेव्हा प्रसन्न झालेल्या धन्याने त्याला हवे ते मागून घेण्यास सांगितले. आणि ज्याला सोने मागता आले असते, अधिकार मागता आला असता, त्या मणलेराने धन्याचा ‘काळी’ नावाचा शिकारी कुत्रा मागितला. पुढे याच काळीने एका प्रचंड रानडुकराशी झुंज घेतली आणि कुत्रा व वराह दोघेही एकमेकांच्या प्रहारांनी गतप्राण झाले. मणलेराने आतकूरच्या शिवालयासमोर त्याच्या स्मरणार्थ शिळा उभी केली, तीवर ती झुंज कोरविली, शिळेच्या पूजेसाठी जमीन लावून दिली, आणि पूजा केल्यावाचून जो पुजारी अन्नग्रहण करील तो दोषास पात्र होईल, अशी ताकीदही लेखात घालून ठेवली.

सुमारे 1070 वर्षांपूर्वीचा हा दाखला प्रारंभीच सांगण्याचे कारण असे, की श्वान आणि मृगया यांचा जो संबंध आज कायद्याच्या आणि विवेकाच्या कसोटीवर उभा आहे, तो या भूमीत काल-परवाचा नव्हे. ज्यांनी हे कुत्रे पाळले, त्यांनी त्यांच्यावर पुत्रवत् प्रेम केले. ते प्रेम खरे होते, आणि त्यांनी केलेली शिकारही खरी होती. आता शिकार सरली, कुत्रा उरला. आणि ज्याच्या मागे धावण्यासाठी त्या कुत्र्याचा देह शतकानुशतके घडत गेला, ते काळवीटही, आपल्या सुदैवाने, अजून उरले आहे. या दोघांना एकाच माळावर सुखाने कसे नांदू द्यावे, हा आज नांदेड-लातूरच्या शेकडो घरांपुढील रोजचा प्रश्न आहे.

२

हरिणांसाठी रान राखण्याची कल्पना आपल्याकडे अतिप्राचीन आहे. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात राजाच्या विहारासाठी मृगवन कसे करावे याचे जे विधान केले आहे, ते आजच्या एखाद्या उद्यानाच्या आराखड्याइतके नेटके आहे. त्याला द्वार एकच असावे, भोवती खंदक असावा, आत गोड फळांची झुडपे आणि काटे नसलेले वृक्ष असावेत, पाण्याचे साठे उथळ असावेत, हरिणे माणसाळलेली असावीत, आणि हिंस्र श्वापदे ठेवायचीच झाली तर त्यांची नखे व दाढा मोडलेल्या असाव्यात. परंतु यापुढे कौटिल्य आणखी एका मृगवनाचा उल्लेख करतो, आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. हे दुसरे वन राज्याच्या सीमेवर, जमिनीच्या सोयीने वसवावे, आणि तेथे सर्व पशूंना अतिथीचा मान असावा, असे तो सांगतो. पहिले वन राजाच्या मनोरंजनाचे, तर दुसरे पशूंच्या हक्काचे. शिवाय ज्या अरण्यांना अभय दिलेले आहे, तेथील पशूंचा वध करणाऱ्यास दंड करावा, असेही त्याचे शासन आहे.

याच ग्रंथात कुत्र्यांचे कळप बाळगणाऱ्या श्वगणींनाही राज्यव्यवस्थेत स्थान आहे. त्यांनी कुरणांतून व रानांतून फिरत राहावे, चोर वा शत्रू येताना दिसला तर शंख-दुंदुभी वाजवून इशारा द्यावा, हे त्यांचे काम. म्हणजे कुत्रा घेऊन रानात हिंडणारा मनुष्य हा केवळ शिकारी नव्हे. तो त्या रानाचा जागल्याही असू शकतो, ही जाणीव दोन हजार वर्षांपूर्वीच्या शास्त्रकाराला होती.

जगात इतरत्रही राजांनी हरिणांसाठी भूमी राखली. इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सने लंडननजीक रिचमंड येथे 1637 मध्ये तटबंदी घालून जे मृगोद्यान केले, ते सुमारे अडीच हजार एकरांचे असून आजही तेथे सहाशेहून अधिक हरिणे मुक्तपणे चरतात आणि त्यांच्यामधून हजारो नागरिक आपापले कुत्रे फिरवीत असतात. 2011 मध्ये तेथील एक पाळीव कुत्रा मालकाच्या हाका न जुमानता हरिणांच्या आख्ख्या कळपामागे धावत सुटला, त्याचे चित्रण साऱ्या जगाने पाहिले आणि पुष्कळांनी ते हसण्यावारी नेले. परंतु त्या हरिणांना हसण्यासारखे त्यात काही नव्हते. विण्याच्या हंगामात, म्हणजे मे ते जुलै या महिन्यांत, कुत्र्याला दोरीने बांधूनच न्यावे, असा तेथील नियम आहे, आणि तटाच्या आतल्या उद्यानातही शेवटी भिस्त त्या दोरीवरच ठेवावी लागते, ही बोधप्रद गोष्ट आहे.

आपल्या मराठवाड्यावर 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाचा अंमल होता. त्या राज्यात सर्फ-ए-खास, पायगा, जहागिरी अशी जमिनीची वाटणी होती, आणि बड्या लोकांच्या शिकारीसाठी राखलेल्या शिकारगाहा होत्या. हैदराबाद शहरालगतची निजामाची अशी एक शिकारगाह पुढे, भगवान महावीरांच्या निर्वाणाला 2500 वर्षे झाली त्या निमित्ताने, 1975 मध्ये ‘महावीर हरिण वनस्थली’ या नावाने काळविटांना अर्पण करण्यात आली. इकडे महाराष्ट्रात अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे 1980 मध्ये अवघ्या 2.17 चौरस किलोमीटर क्षेत्राचे काळवीट अभयारण्य झाले. नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेस, किनवट-माहूरच्या बाजूला, पैनगंगा अभयारण्याचे दाट रान आहे. पण ते सागाचे जंगल, आणि काळवीट हा उघड्या माळाचा प्राणी. चाकूर, अहमदपूर, लोहा, कंधार, मुखेड या पट्ट्यातील काळविटांना ना तट आहे, ना खंदक, ना एकच एक द्वार. राज्यात वनक्षेत्र अत्यल्प असलेल्या जिल्ह्यांत लातूरची गणना होते. येथील हरिणे राहतात ती गायरानात, पडीक माळावर, तलावाच्या गाळपेरात आणि, खरे सांगायचे तर, शेतकऱ्याच्या हरभऱ्यात. स्मृतिकारांनी ज्या देशात कृष्णसार मृग स्वभावतः संचार करतो तो देश यज्ञाला योग्य ठरविला. त्या न्यायाने हा सारा उघडा मुलूख पवित्र आहे, आणि कौटिल्याच्या त्या दुसऱ्या, अतिथिधर्माच्या मृगवनाशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे.

३

या मुलखाने माणसाच्या उपयोगाचे पशू घडविण्यात फार मोठी कर्तबगारी दाखविली आहे. लातूर जिल्ह्याची देवणी गाय आणि नांदेड जिल्ह्याची लालकंधारी ही दोन गोवंशांची नावे देशभर मान्यता पावली आहेत. त्यांच्याच पंक्तीला बसावा असा येथील कुत्रा म्हणजे कारवानी. चाकूर तालुक्यातील जानवळ हे गाव या कुत्र्यांच्या पैदाशीसाठी नावाजलेले आहे. मध्य आशियातून आलेल्या काफिल्यांबरोबर, रोहिल्या-पठाणांबरोबर त्याचे पूर्वज दक्षिणेत आले आणि म्हणून त्याला कारवानी म्हणू लागले, असे जुने लोक सांगतात. कान, शेपूट व पायांवर रेशमी केस असणाऱ्या प्रकाराला पश्मी म्हणतात. शेजारच्या कर्नाटकात मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी अशाच कुत्र्यांची जोपासना केली आणि मुधोळ हाउंड या नावाने त्यांना राजमान्यता मिळवून दिली. भारतीय टपाल खात्याने 2005 मध्ये देशी श्वानांची जी चार तिकिटे काढली त्यांत मुधोळ होता, आणि पुढे लष्करानेही त्याला प्रशिक्षणासाठी घेतले. जानवळच्या कुत्र्याला असा राजाश्रय लाभला नाही. त्याला आश्रय दिला तो शेतकऱ्याने, आपल्या ताटातील ज्वारीची भाकरी आणि दुधाचा वाटा देऊन.

या कुत्र्याकडे पारखी नजरेने पाहावे. मस्तक लांब व चिंचोळे, छाती खोल, पोट कमरेशी आत खेचलेले, बरगड्या सुस्थितीतही किंचित दिसणाऱ्या, पाय लांब आणि सडसडीत. खांद्याशी उंची सव्वादोन फुटांच्या आसपास. अनभिज्ञ मनुष्याला तो उपाशी वाटतो. जाणत्याला कळते की त्याच्या अंगावर धावण्यास निरुपयोगी असे मांस निसर्गाने आणि निवडीने ठेवलेलेच नाही. बहुतेक कुत्री नाकाने माग काढतात, हा मात्र डोळ्यांनी शिकार करतो. माळाच्या दुसऱ्या टोकाला हललेली वस्तू त्याला दिसते, आणि दिसणे व धावणे यांमध्ये त्याच्या ठिकाणी विचाराला अवकाश उरत नाही. ही त्याची थोरवी आहे, आणि आजच्या काळात तेच त्याचे संकटही आहे.

कुत्र्याविषयीचा येथील लोकांचा जिव्हाळा केवळ उपयुक्ततेतून आलेला नाही, त्याला धर्मभावनेचे अधिष्ठान आहे. माहूरगडाच्या दत्तप्रभूंच्या पायांशी चार वेद श्वानरूपाने बसलेले आहेत, अशी आपली श्रद्धा. नांदेडहून लातूरकडे जाताना लोह्याच्या पुढे लागणारे माळेगाव हे तर खंडोबाचे ठाणे, आणि खंडोबा म्हणजे कुत्रा बरोबर घेऊन फिरणारा देव; त्याचे वाघ्ये स्वतःला देवाच्या दारातील कुत्री म्हणवून घेण्यात धन्यता मानतात. मार्गशीर्ष वद्य पक्षाच्या अखेरीस येथे भरणारी यात्रा दक्षिणेतील मोठ्या यात्रांपैकी एक गणली जाते. बेलभंडाऱ्याच्या उधळणीत देवस्वारी निघते, माळावर घोडे, गाढवे, उंट, बैल यांचे बाजार भरतात, भटक्या-विमुक्त समाजांची पाले पडतात, आणि जिल्हा परिषदेच्या वतीने अश्व, श्वान आणि कुक्कुट यांचे प्रदर्शन भरविले जाते. त्या प्रदर्शनात आपापली कारवानी कुत्री घेऊन आलेल्या पशुपालकांच्या चेहऱ्यावर जी आस्था दिसते ती विकत घेता येणारी नव्हे. कुणी कुत्र्याच्या अंगावर स्वतःची घोंगडी घातलेली असते. कुणी पैलवानाच्या पाठीवरून हात फिरवावा तसा त्याच्या मांड्यांवरून हात फिरवून पंचांना त्याचा बांधा दाखवीत असतो.

शिकारीची स्मृती या भूमीच्या देवस्थानांतही आहे. गुरू गोविंदसिंगांच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या नांदेडच्या परिसरात शिकारघाट साहिब हा गुरुद्वारा आहे. गुरुजींनी मृगयेच्या निमित्ताने एका शापित जीवाचा उद्धार केला, अशी कथा तेथे सांगतात. त्या काळच्या वीरजीवनात मृगया हा शौर्याच्या अभ्यासाचा भाग होता, आणि आजच्या मापाने त्या काळाचा न्याय करीत बसणे मला योग्य वाटत नाही. मात्र त्या काळाच्या नावाखाली आजही रात्री-अपरात्री मोटारसायकलींवरून कुत्री नेऊन हरिणांमागे सोडणे, यात शौर्याचा लवलेशही नाही.

४

अशाच एका मार्गशीर्षात, चाकूर तालुक्यातील एका माळावर, एका वयोवृद्ध श्वानपालकांबरोबर पहाटे हिंडण्याचा योग आला. गावात लहानथोर त्यांना मामा म्हणतात. त्यांच्या हाती सुताची जाड दोरी, आणि दोरीच्या टोकाला दोन बोटे रुंदीच्या कातडी पट्ट्यात बिजली नावाची त्यांची करड्या-पिवळ्या रंगाची कुत्री. कुसळीच्या वाळल्या गवतावर दव होते, बाभळींच्या पलीकडे टिटवी ओरडत होती, आणि थंडीने कुत्रीच्या अंगावर मधूनच शहारा उठत होता. एवढ्या वेगवान जनावराने मामांच्या संथ पावलाशी पाऊल जुळविलेले पाहून मला नवल वाटले. मी विचारले, “मामा, हिला कधी मोकळं सोडत नाही का?”

“सोडतो की,” ते म्हणाले. “घरामागं वाडगं हाय, चारी अंगानं काटी लावल्यालं. तितं सोडतो, रोज. हितं न्हाई. हितं सोडली की मग ती माजी ऱ्हात न्हाई, मालक.”

बोलता बोलता ते थांबले, कारण दोरी ताठ झाली होती. बिजलीने एक पुढचा पाय उचलून तसाच धरला होता, कान मागे वळून मस्तकाला चिकटले होते, आणि तिच्या फऱ्यावरचा स्नायू बारीक थरथरत होता. माझ्या दृष्टीला माळ रिकामाच दिसत होता. मग उजाडत्या क्षितिजाच्या रेषेवर एक पिळदार शिंगांची जोडी दिसली, तिच्याखाली काळ्या पाठीचा आणि पांढऱ्या पोटाचा नर दिसला, आणि त्याच्या भोवती गवताच्याच रंगाच्या दहाबारा माद्या. नर मान उंच करून आमच्याकडे पाहत राहिला. एका मादीने चारी पाय एकदम उचलून हवेत उंच उडी घेतली, तिच्या मागोमाग दुसरीने, आणि पाहता पाहता सारा कळप उसळत्या लाटेप्रमाणे चालू लागला.

त्या क्षणी मामांनी जे केले ते मी मन लावून पाहिले. त्यांनी दोरी ओढली नाही, कुत्रीवर ओरडले नाहीत. मनगटाला दोरीचा एक वेढा जास्त घेऊन ते खाली उकिडवे बसले, बिजलीला छातीशी घेतले आणि खांद्यावरचा रुमाल तिच्या डोळ्यांवरून हलकेच ओढला. पूर्वी राजेरजवाड्यांच्या शिकारी चित्त्यांचे डोळे सावज दिसेपर्यंत टोपीने झाकून ठेवीत. तोच उपाय येथे नेमक्या उलट हेतूने योजिलेला होता. तिच्या छातीची धडधड मामांच्या कोपरीवरून मला दिसत होती, आणि ती हळूहळू मंदावली. “डोळं झाकलं की तिचं पळणं मिटतंय,” मामा म्हणाले. “तिचा काय गुन्हा न्हाई. तिच्या रगतातच हाय ते. धरायचं काम आपलं.”

कळप टेकाडाआड गेल्यावर त्यांनी रुमाल काढला, तिच्या कपाळावर हात थोपटला, आणि आम्ही पुढे निघालो. वाटेत त्यांच्या पुतण्याचे शेत लागले. हरभऱ्याचे शेंडे ओळीने खुडलेले होते. मामांनी ते दाखविले आणि म्हणाले, “आवंदा हरबरा ठिवंनात. खाऊ लालेत सगळं. राग येतोय, न्हाई कशाला म्हनू? पर ह्याचा इलाज कुत्रं न्हाई.”

५

मामांच्या या एका वाक्यात जे शहाणपण आहे त्याला कायद्याचे आणि शास्त्राचेही पाठबळ आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने काळविटाला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वोच्च संरक्षणाच्या श्रेणीत, ठेवले आहे. त्याच्या शिकारीस तीन ते सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. या कायद्याने शिकारीची जी व्याख्या केली आहे ती पुष्कळांना ठाऊक नसते. केवळ मारणे म्हणजे शिकार नव्हे. पाठलाग करणे, हाकणे, आमिष लावणे आणि असे करण्याचा नुसता प्रयत्नही शिकारच होय. कुत्रा सोडून हरिणामागे धावविला आणि हरीण निसटले, तरी गुन्हा घडतोच.

कायद्याची ही कठोरता अनाठायी नाही. निरोगी, पूर्ण वाढीचे काळवीट मोकळ्या माळावर ताशी ऐंशी किलोमीटरच्या आसपास वेग गाठू शकते आणि बहुधा कुत्र्याला हाती लागत नाही. पण आपत्ती तेवढ्याने टळत नाही. अतिश्रमाने आणि भीतीने हरिणाच्या स्नायूंची अशी हानी होते, की अंगावर दाताचा ओरखडाही नसता ते काही तासांनी वा दिवसांनी मरून पडते. व्यालेली मादी आपले पाडस पहिले काही दिवस गवतात दडवून ठेवते आणि पाजण्यापुरती त्याच्याजवळ येते. ते पाडस संकट आले तरी उठत नाही, निश्चल पडून राहणे हेच त्याचे कवच. आणि माळावर मोकाट हिंडणाऱ्या कुत्र्यांपुढे ते कवच निकामी ठरते. दुष्काळाच्या वर्षी हे संकट दुणावते. 2016 च्या उन्हाळ्यात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या वर्षी माळावरच्या मुक्या प्राण्यांनी काय सोसले असेल, याची कल्पना करावी. पाण्याच्या शोधात हरिणे वस्तीजवळ येतात, कठडा नसलेल्या विहिरींत पडतात, आणि गावकुत्र्यांच्या तावडीत सापडतात. लस न टोचलेल्या कुत्र्यांकडून पिसाळ आणि डिस्टेंपर यांसारखे रोग माळावरच्या लांडग्या-कोल्ह्यांपर्यंत पोहोचतात, हाही धोका लहान नाही.

परंतु हरिणांची बाजू मांडताना शेतकऱ्याची बाजू दृष्टीआड करणे हा अन्याय होईल. जहागिरी 1949 मध्ये खालसा झाल्या, कुळांना जमिनी मिळाल्या, हे न्याय्यच झाले. पुढे वाढत्या लोकसंख्येने माळ आणि कुरणे नांगराखाली आली. हरिणाच्या दृष्टीने मात्र त्याच्या चरणीच्या जागी सोयाबीन आणि हरभरा उगवला, एवढाच काय तो बदल. ज्याचे सारे वर्ष चार एकरांवर अवलंबून आहे त्याच्या शेताचे शेंडे एका रात्रीत खुडले गेले, तर त्याला अहिंसेचा उपदेश करण्याचा अधिकार कोणाला आहे? नुकसानभरपाईची तरतूद शासनाने केलेली आहे. पण अर्ज, महसूल, कृषी आणि वन या तिन्ही खात्यांचा संयुक्त पंचनामा आणि मंजुरी या वाटेत एक हंगाम उलटून दुसरा येतो, अशी तक्रार गावोगाव ऐकू येते. भरपाई पेरणीच्या आत हाती पडली, तर हरिणाला तिच्यासारखे दुसरे कवच नाही.

या पेचाची एक अतिप्राचीन कथा जातककथांत आहे. ऐतिहासिक मृगवनांत अग्रगण्य असे जे सारनाथचे मृगदाव, जेथे भगवान बुद्धांनी पहिला उपदेश केला आणि ज्याची स्मृती म्हणून धर्मचक्राच्या दोन्ही बाजूंना आजही हरिणे कोरली जातात, त्या काशीच्या परिसरातली ती कथा. राजाच्या उद्यानातील हरिणांपैकी रोज एकाने पाळीपाळीने वधस्थानी जायचे, असा करार झालेला असतो. गर्भिणी हरिणीची पाळी येते तेव्हा निग्रोध नावाचा मृगराज तिच्या जागी स्वतःची मान ठेवतो, आणि राजा द्रवून साऱ्या हरिणांना, मग साऱ्या चतुष्पादांना, पक्ष्यांना व माशांना अभय देतो. आपण बहुधा कथा येथेच संपवितो. मूळ कथा मात्र पुढे जाते. अभय मिळालेली हरिणे लोकांची पिके खाऊ लागतात. लोकांना त्यांच्यावर हात उगारता येत नाही. ते राजाकडे गाऱ्हाणे नेतात, आणि राज्य गेले तरी दिलेले वचन मोडणार नाही, असे राजा सांगतो. तेव्हा निग्रोध आपल्या कळपाला एकत्र करून पिकांना तोंड लावण्यास मनाई करतो, आणि शेतकऱ्यांना निरोप पाठवितो, की कुंपण घालू नका, शेताच्या कडेला पानांची एक खूण तेवढी बांधा. अभय देणाऱ्याने वचन पाळायचे, अभय घेणाऱ्याने मर्यादा पाळायची, आणि दोहोंमध्ये भिंतीऐवजी खूण पुरेशी व्हायची, असा हा करार आहे.

प्रत्यक्षातील हरिणांना निग्रोध लाभलेला नाही. त्यांच्या वाट्याची मर्यादाही माणसालाच सांभाळावी लागेल. ते अशक्य मुळीच नाही. 2002 च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी, अशी व्यवस्था आहे. या नोंदवहीत रानातील प्राण्यांप्रमाणेच गावाने जोपासलेल्या पशुवंशांचीही नोंद करावयाची असते. चाकूर, लोहा, कंधार या तालुक्यांतील गावांनी एकाच दप्तरात कारवानी कुत्रा आणि काळवीट या दोघांचीही नोंद शेजारी शेजारी करावी. गायरानाचा काही भाग हरिणांच्या चरणीसाठी व पाणवठ्यासाठी राखावा. उघड्या विहिरींना कठडे बांधावेत. कुत्र्यांना धावण्यासाठी गावाच्या कडेने कुंपणाचे एक मैदान करावे, कारण धावणाऱ्या जातीला जन्मभर खुंट्याला बांधून ठेवणे हीही निर्दयताच. आणि माळावर नेताना दोरी सोडायची नाही, हा गावचा शिरस्ता ठरवावा. माळेगावच्या श्वान प्रदर्शनात पंच आज बांधा, चाल, रंग यांची पारख करतात. उद्या त्यांनी हेही पाहावे, की समोरून जनावर धावत गेले असता कोणता कुत्रा धन्याच्या शब्दावर थांबतो, आणि अशा जोडीला खंडोबाच्या दारात मानाचा फेटा बांधावा. एका पिढीत या परीक्षेसाठी लोक कुत्री तयार करू लागतील, अशी माझी खात्री आहे, कारण या मुलखातील माणूस मानासाठी पशू घडविण्याची कला पिढ्यान्‌पिढ्या जाणतो.

पुष्कळ जण असे म्हणतील, की शिकार गेली तर शिकारी कुत्र्याचे प्रयोजन काय? मला वाटते, प्रयोजन बदलले म्हणून वंशाचे मोल कमी होत नाही. लालकंधारी बैलाच्या जागी ट्रॅक्टर आला, तरी त्या बैलाच्या डोळ्यांतील पाणी आणि त्याच्या खांद्याची चाल जतन करावी असे आपल्याला वाटतेच. कारवानीच्या देहात या भूमीतील अनामिक पशुपालकांची निवड, चिकाटी आणि सौंदर्यदृष्टी साठविलेली आहे. ती नष्ट होऊ देणे म्हणजे एखादा ताम्रपट वितळवून टाकण्यासारखे आहे. आणि काळवीट नाहीसे होऊ देणे म्हणजे तर ज्या भूमीवर तो ताम्रपट लिहिला गेला ती भूमीच गमावणे. दोन्ही राखायची असतील तर राखणारा तिसरा लागतो, आणि तो मनुष्यच असू शकतो.

कौटिल्याच्या पहिल्या मृगवनाला खंदक होता आणि एकच द्वार होते. तेथे द्वारपाल एक असला तरी भागत असे. नांदेड-लातूरच्या या मृगवनाला चहूदिशांनी वाटा आहेत आणि त्या साऱ्या मोकळ्या आहेत. म्हणून पहाटे कुत्रा घेऊन माळावर जाणारा प्रत्येक शेतकरी, प्रत्येक तरुण, शहरातून हौसेने आलेला प्रत्येक श्वानप्रेमी हा त्याचा द्वारपाल आहे, आणि हाती दोरी घेतली की त्याची नेमणूक झाली, असे त्याने समजावे. ज्या मुलखाशी नाते असलेल्या सम्राटाच्या काळात एका कुत्र्याच्या स्मरणार्थ शिळा उभी राहिली, त्या मुलखाने आता जिवंत कुत्रा आणि जिवंत हरीण यांच्यासाठी गावोगाव हा नियम स्वखुशीने पत्करावा. त्यासाठी ना मोठा खर्च लागतो, ना नव्या खात्याची गरज आहे. येत्या ग्रामसभेत एक ठराव मांडला, तो वाचून मंजूर केला आणि दुसऱ्या दिवसापासून पाळला, की काम सुरू झाले.